स्पॅनिश पाऱ्याच्या इंग्रजीत मुंग्या?

भाषांतरवाला: एका स्पॅनिश कथेचं इंग्रजी करतोय. आजी नातवाला म्हणते, 'एरेस उन अथोगे'. अथोगे म्हणजे पारा, स्पॅनिशमध्ये एका जागी न बसणाऱ्यालाही म्हणतात. पोरगं जेवताना तीनदा ताटावरून उठतं. मी पाऱ्याचाच इंग्रजी शब्द 'क्विकसिल्व्हर' लिहिला. संपादकबाईंनी खोडून 'अँट्स इन युअर पँट्स' केलं, म्हणजे चड्डीत मुंग्या शिरल्यासारखी चुळबुळ. मला हे अजिबात पटलेलं नाही.

काडेपेटी: बाई बरोबर आहेत. आजी वैतागलीय, रसायनशास्त्र शिकवत नाहीये. 'पायाला भिंगरी लागलीय' म्हणताना आपल्यापैकी कुणाला भिंगरी दिसते? आणि पोराला 'क्विकसिल्व्हर' म्हणणारी इंग्रज आजी दाखवा मला.

उंबरठा: गोष्ट घडते कुठे?

भाषांतरवाला: स्पेनमधल्या आल्मादेन गावात. आजोबा खाणीत होते.

उंबरठा: मग बोलणंच खुंटलं! आल्मादेन हे नावच अरबीतल्या 'खाण' या शब्दावरून आलंय, आणि खाण पाऱ्याची. तिथला पारा जहाजं भरभरून मेक्सिकोला जायचा, खनिजातून चांदी वेगळी काढायला. खाणीत कैदी राबवले. पाऱ्याच्या वाफेने माणसाचे हात थरथरायला लागत, त्याला म्हणत 'अथोगादो'. भीतीने कापणारा सांचो, म्हणजे नायकाचा सेवक, 'अथोगादोसारखा' कापतो, हे १६०५च्या 'दोन किखोते' (डॉन क्विक्झोट) या कादंबरीतच आहे. अशा गावातल्या आजीच्या तोंडी मुंग्या?

काडेपेटी: हे तुम्हाला ठाऊक म्हणून. लंडनच्या वाचकाला 'क्विकसिल्व्हर'मधून खाण दिसायची नाही. 'मर्क्युरियल' केलंत तर आणखी घोळ, तो घडीत एक घडीत एक असा माणूस. आपल्याकडे तर पारा चढतो तो रागाने!

घाणेरी: थोडं अवांतर. 'कुलो दे माल असिएंतो'चं काय करता? म्हणजे बूड धड न टेकणारा. घरं, नोकऱ्या बदलत फिरणारा. मराठीत 'एका जागी बूड टिकत नाही' आयतं मिळतं. इंग्रजीत 'रेस्टलेस' केलं की बूडच गायब.

भाषांतरवाला: घाणेरी, ते मामाच्या वाट्याला आलंय, अजून अडलोय तिथेच. काडेपेटी, एक सांगायचं राहिलं. दोन पानांनी आजोबांचा कप बशीवर खडखड वाजतो, आणि लेखिकेने तिथे 'अथोगादो' लिहिलंय. आजीने आधी अथोगे म्हटलंय ते त्यासाठीच. तिथे मुंग्या कशा घालू?

काडेपेटी: हे आधी सांगायचं ना राव. मुंग्या काढा. पण 'क्विकसिल्व्हर' म्हणणारी आजी मला अजूनही पटत नाही.