भाचीच्या एकांकिकेचे फोटो: स्पॉटमधला चेहरा पांढराफटक येतोय, सल्ला हवा

धागाकर्ती:
नमस्कार. माझी भाची कॉलेजच्या एकांकिकेत काम करते. परवा भरत नाट्य मंदिरात त्यांचा प्रयोग झाला. आठव्या रांगेतून दीडशेक फोटो काढले, पण ठेवावेत असे चारसुद्धा नाहीत. स्पॉटमध्ये आली की तिचा चेहरा नुसता पांढरा, नाक-डोळे गायब. चेहरा नीट आलाय तिथे हात हललेला. क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा जुना डीएसएलआर आहे, सोबत मिळालेली १८-५५ लेन्स, आणि सगळं ऑटोवर. फ्लॅश मारला नाही, मारणारही नाही. पुढचा प्रयोग सुदर्शन रंगमंचला आहे. नवा कॅमेरा परवडणार नाही, एखादी लेन्स घेता येईल. काय घेऊ?

प्रतिसाद १:
५० एमएम एफ १.८ घ्या, सेकंडहँड मिळाली तरी चालेल. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. तुमची लेन्स ५५ वर एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. १.८ वर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. निकॉन असेल तर घेण्याआधी बघा, डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, तिथे 'एएफ-एस' लिहिलेलीच लेन्स लागते. सुदर्शन छोटं आहे, तिथे ५० पुरेल. बालगंधर्वला मधल्या रांगेतून ८५ सुद्धा तोकडी पडते.

चेहरा जळतो, म्हणजे पांढराफटक होतो, कारण कॅमेरा सगळ्या चौकटीचा उजेड मोजतो. चौकटीचा बराचसा भाग काळाकुट्ट, म्हणून तो एक्स्पोजर (फोटोत घ्यायचा उजेड) वाढवत नेतो. मॅन्युअलवर या. एफ २, शटर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० वर सुरुवात करा, एक फोटो काढा आणि स्क्रीनवर फक्त कपाळ आणि गाल बघा. पांढरे दिसले तर आयएसओ १६००. रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. अंधारातला तपशील नंतर थोडाफार वर काढता येतो, जळलेल्या कपाळात काही उरलेलंच नसतं.

हललेल्या हाताचं म्हणाल तर नाच किंवा मारामारी असेल तर १/५०० लागेल, एरवी नाही. त्यापेक्षा नाटक ऐका. वाक्य संपवून नट क्षणभर थांबतो, तेव्हा बटण दाबा. आणि बोलणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्याकडे लक्ष ठेवा. तो स्थिर असतो, आणि प्रवेशात काय घडतंय ते त्याच्या चेहऱ्यावर उमटत असतं. माझे आवडते फोटो जवळपास सगळे ऐकणाऱ्यांचे आहेत.

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत. एलईडी पार (रंग बदलणारे रंगमंचाचे दिवे) असतील तर दोन गोष्टी. गडद लाल किंवा निळ्या प्रकाशात चेहऱ्याचा नुसता रंगाचा गोळा होतो, तिथे एक्स्पोजर आणखी कमी करा. फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/१०० वर आणून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात.

फोकसला मदत करणारा कॅमेऱ्याचा छोटा दिवा मेनूत जाऊन बंद करा. एकदा माझा तसाच राहिला आणि ऐन ब्लॅकआउटमध्ये मुलीच्या गालावर त्याचा उजेड पडला. मला अजून त्याचं वाईट वाटतं. डीएसएलआरचा खटकाही छोट्या जागेत सगळ्यांना ऐकू जातो. म्हणून प्रयोगात नको, रंगीत तालमीला काढा. लाइट्स, कपडे, मेकअप सगळं तेच असतं, शिवाय पुढे-मागे फिरता येतं. दिग्दर्शकाला आधी विचारा.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. भाचीमार्फत विचारलं, तालमीला या म्हणाले. कुठे बसू?

प्रतिसाद २:
पहिला अंक प्रकाशयोजनाकाराच्या शेजारी... नाही, एकांकिका आहे, अंक कुठले! पहिली दहा मिनिटं म्हणा. त्याच्याकडे क्यूशीट असते, कुठला स्पॉट कधी येणार ते आधीच कळतं. मग पुढे या, तिसऱ्या रांगेत, थोडं बाजूला. अगदी समोरून प्रकाश सपाट दिसतो, बाजूने गालावर सावली मिळते.