रोजच्या लहान निवडींचे दूरवरचे परिणाम ख्रिस्ती माणसाने कसे तोलावेत?

प्रश्न

प्रभू येशूच्या नावाने सर्वांना सलाम.

आमच्या घरी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून रात्रीच्या जेवणानंतर कौटुंबिक प्रार्थना होत असे. एक स्तोत्र, एक गीत आणि प्रत्येकाने आपापल्या शब्दांत केलेली प्रार्थना, एवढेच तिचे स्वरूप होते. दोन वर्षांपूर्वी माझ्यावरची जबाबदारी वाढली आणि मी रात्री घरी बसूनही कार्यालयाचे काम करू लागलो. "आज राहू दे, उद्या करू," असे मी पहिल्यांदा कोणत्या दिवशी म्हणालो, हे मला आठवत नाही. गेल्या महिन्यात शास्त्र उघडले तेव्हा खुणेची फीत ६२ व्या स्तोत्रावर होती आणि इतके दिवस दाबून राहिल्यामुळे दोन्ही पानांवर तिचा वळ उमटला होता. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, "बाबा, आपण इथे कधी थांबलो होतो?" मला उत्तर देता आले नाही.

प्रार्थना बंद करण्याचा निर्णय मी कधीच घेतला नव्हता. कोणत्याही एका रात्रीकडे बोट दाखवून "इथे माझे चुकले" असे म्हणता येत नाही, आणि मला बेचैन करणारी गोष्ट नेमकी हीच आहे. प्रभूने उद्याची चिंता करू नका असे सांगितले आहे (मत्तय ६:३४), मग वीस वर्षांनंतरच्या परिणामांचा विचार करत बसणे हा अविश्वास ठरतो का? उलट बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असेही प्रभूच म्हणतो (लूक १४:२८). या दोन्ही वचनांचा मेळ आपण रोजच्या जगण्यात कसा घालता?

पहिले उत्तर

बंधू, आपला प्रश्न वाचून मला अब्रामाचा पुतण्या लोट याची आठवण झाली. त्याची गोष्ट आपण बहुधा सदोम या पापी नगराच्या नाशापासून सांगू लागतो. खरे तर ती बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या, म्हणजे उत्पत्तीच्या, १३ व्या अध्यायापासून वाचायला हवी. गुराख्यांची भांडणे होऊ लागली तेव्हा अब्रामाने स्वतःच पुतण्याला आधी निवड करायला सांगितले. लोटाने नजर वर करून पाहिले, तर यार्देन नदीचे खोरे सगळीकडे पाण्याने भरपूर होते, आणि कळप बाळगणाऱ्या माणसाने तेच निवडणे अगदी स्वाभाविक होते. त्या निवडीत कोणतीही आज्ञा मोडली गेली नव्हती. त्याच अध्यायात तो सदोमापर्यंत तंबू नेतो, १४ व्या अध्यायात तो सदोमातच राहत असतो आणि १९ व्या अध्यायात नगराच्या वेशीत बसलेला दिसतो, जिथे त्या काळी गावाचे व्यवहार आणि न्यायनिवाडे होत असत. या तीन ठिकाणांच्या मधल्या कोणत्याही मुक्कामाची शास्त्रात नोंद नाही. माझ्या मते त्या मुक्कामांत नोंद घेण्यासारखे काही घडलेच नसावे.

सदोमाच्या नाशाच्या आदल्या रात्री लोटाने जावयांना सावध केले, तेव्हा त्यांना तो थट्टा करतोय असे वाटले (उत्पत्ती १९:१४). मला हे वचन फार जड जाते. ज्या माणसांसोबत तो राहिला, त्यांच्या लेखी त्याच्या तोंडून निघालेल्या देवाच्या शब्दाला वजनच उरले नव्हते. आणि तो स्वतःही पहाटे रेंगाळत राहिला, म्हणून देवदूतांना त्याचा हात धरून त्याला बाहेर काढावे लागले.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी. लोटाने पुढचा विचार केला नव्हता, असे म्हणता येणार नाही. त्याने पाण्याचा आणि कुरणाचा विचार केला होता, म्हणजे पुढच्या अनेक वर्षांच्या पोटापाण्याचा. मत्तयाच्या ६ व्या अध्यायात प्रभू ज्या चिंतेला मना करतो तीही खाण्यापिण्याची आणि वस्त्रांचीच चिंता आहे. लूकमधला बुरूज मात्र प्रभूच्या मागे चालण्याची किंमत ओळखण्याविषयी आहे. त्यामुळे मला ही दोन वचने एकमेकांच्या विरोधात वाटत नाहीत. आपण रात्री काम करू लागलात तेव्हाही आपण दूरचा विचार करतच होता, फक्त तो कुरणाचा होता. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही; माझीही अनेक वर्षे त्याच खोऱ्यात गेली आहेत.

दुसरे उत्तर

दादा, मी शास्त्राची अभ्यासक नाही, पण माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. मुलगा सहा वर्षांचा असताना दारावर कोणी आले आणि मला भेटायचे नसले, की मी स्वयंपाकघरातून हळूच त्याला म्हणायचे, "सांग, आई घरी नाही." तो दार अर्धेच उघडून, एक हात कडीवर ठेवून, अगदी चोख सांगायचा आणि मी त्याला शाबासकी द्यायचे. दहा वर्षांनी एका संध्याकाळी त्याने माझ्यासमोरच शिक्षकांना फोन करून आपण आजारी असल्याचे सांगितले. त्याच्या आवाजात जरासुद्धा अडखळणे नव्हते. मी रागावले, तेव्हा तो उद्धटपणे काहीच बोलला नाही. त्याने फक्त माझ्याकडे पाहिले. त्या रात्री मी त्याची क्षमा मागितली. आईने मुलाची क्षमा मागणे आमच्या घरात त्यापूर्वी कधी घडले नव्हते.

चौथ्या शतकात जन्मलेल्या संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनाच्या आठव्या भागात स्वतःविषयी लिहिले आहे, की वाकड्या इच्छेतून वासना निर्माण झाली, वासनेची सेवा करता करता सवय जडली आणि सवयीला विरोध न केल्याने तिची निकड होऊन बसली. एकात एक गुंतलेल्या कड्यांची जणू साखळीच. मला तीत माझ्या दाराची कडी दिसते.

मात्र हीच साखळी चांगल्या दिशेनेही जाते, हे विसरू नका. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता, असे पौल लिहितो (२ तीमथ्य १:५). त्या दोघींनी घरात रोज काय केले, ते शास्त्र सविस्तर सांगत नाही. तो बालपणापासून पवित्र लेख जाणत होता, एवढेच आपल्याला समजते. आपल्या मुलीने प्रश्न विचारला याचा अर्थ तिला थांबलेली जागा आठवते आहे. ही फार मोठी शिल्लक आहे, दादा.

तिसरे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे मला पटतात, तरीही मला एक इशारा द्यावासा वाटतो. काही वर्षांपूर्वी मी प्रत्येक लहान निवडीचे दूरवरचे परिणाम शोधू लागलो होतो आणि शेवटी अशी अवस्था झाली, की साध्या पत्राला उत्तर देतानाही माझा हात थांबत असे. त्यात भक्ती फार थोडी आणि भीतीच जास्त होती. शास्त्रातली विधवा रूथ शेतात सरवा वेचायला गेली तेव्हा ते शेत बवाजाचे, म्हणजे पुढे तिचा पती झालेल्या माणसाचे आहे, हे तिला ठाऊकही नव्हते, मग आपल्या वंशात दावीद राजा जन्माला येईल हे कुठून ठाऊक असणार! त्या दिवशी तिच्यासमोर भुकेल्या सासूला अन्न मिळवून देणे एवढेच काम होते आणि ते तिने केले.

लोयोलाचे संत इग्नाटियस यांनी सोळाव्या शतकात आध्यात्मिक साधनेविषयी जे लिहिले त्यात एक भेद आढळतो आणि तो मला उपयोगी पडला. मरणाच्या घटकेला आपण कोणती निवड केलेली असावी असे वाटेल, ही कल्पना करून पाहायला ते सांगतात, पण ते आयुष्याची मोठी निवड करताना. रोजच्या जगण्यासाठी मात्र ते मागे वळून पाहण्याची शिस्त घालून देतात. दिवसातून दोनदा थोडे थांबून, गेलेल्या तासांत आपण कुठे घसरलो आणि देवाचे आभार कशासाठी मानायचे, हे तपासायचे. एका संध्याकाळीचे परिणाम वीस वर्षांनंतर काय होतील हे दिसत नाही, पण गेल्या सात संध्याकाळींचा कल स्पष्ट दिसतो. आपल्याकडे हा सराव असता, तर ६२ व्या स्तोत्रावरची फीत पहिल्याच आठवड्यात लक्षात आली असती.

राजाखेरीज कोणाकडेही प्रार्थना करणाऱ्याला सिंहांच्या गुहेत टाकावे असा हुकूम निघाल्यावरही दानीएलाने नवे काहीच केले नाही. तो पूर्वीप्रमाणेच घरी गेला आणि दिवसातून तीनदा गुडघे टेकून प्रार्थना करत राहिला (दानीएल ६:१०). तरुणपणी बंदी म्हणून बाबेलात आणला गेला तेव्हा याच दानीएलाने राजाचे मिष्टान्न नाकारले होते; त्या गोष्टीला आता साठहून अधिक वर्षे लोटली होती. मला वाटते, हुकूम निघाला त्या दिवशी निवड करण्यासारखे त्याच्यापाशी फारसे उरलेच नव्हते.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कुरणाविषयी जे लिहिले ते मला लागले, आणि ते खरे आहे. ताई, आपली गोष्ट मी पत्नीला वाचून दाखवली.

आम्ही रविवारपासून पुन्हा सुरुवात केली आहे. मी ६३ वे स्तोत्र काढत होतो, पण मुलगी म्हणाली की ६२ वे अर्धेच वाचून राहिले होते, म्हणून त्याच्या सर्व १२ ओव्या तिनेच वाचल्या. रात्रीचे काम मात्र अजून सुटलेले नाही. त्याविषयी मी शुक्रवारी वरिष्ठांशी बोलणार आहे. कदाचित त्यासाठी मला ही जबाबदारी सोडावी लागेल आणि पगारही कमी होईल. कृपया त्या दिवशी प्रार्थनेत माझी आठवण ठेवावी.