जुनी बुलेट की नवी? नाशिककरांनो, अनुभव सांगा

निफाडचे मावसकाका त्यांची १९८६ सालची स्टँडर्ड बुलेट मला द्यायला तयार आहेत. इंजिनाचं काम निघेल. त्या खर्चात थोडी भर घातली तर नव्या गाडीचं डाउन पेमेंट होतं. रोज सिडको ते सातपूर जाणं-येणं, पावसाळ्यात पहिने-त्र्यंबक ठरलेलं आणि घरात गाडी एकच परवडणार. ज्यांनी जुनी सांभाळली, ज्यांनी सोडली, ज्यांच्याकडे दोन्ही आहेत, सगळ्यांनी लिहा. मिस्त्री, खर्च, आरटीओ, काहीही चालेल.

देवळाली कॅम्प
वडिलांची कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट माझ्याकडे आहे आणि ती मी विकणार नाही. तिचे गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. दुसऱ्या गाडीवरून तिच्यावर बसलं की पहिले काही दिवस पाय चुकीकडे जातो, आणि द्वारका चौकातल्या गर्दीत तेच महागात पडतं.

चालू करायचीही रीत आहे. चावी फिरवा, अँमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मधोमध येईपर्यंत किक सावकाश दाबत न्या. तिथे डीकंप्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर, दाबून किक आणखी थोडी सरकवा, लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग एका दमात पूर्ण मारा. घाई केली तर उलटी किक घोट्यावर येते. हात बसला की थंडीतही गाडी पटकन उठते, आणि त्या ठोक्यांचा आवाज सकाळी कानावर पडला की माझा दिवस चांगला जातो. घरात आणखी कुणी चालवणार असेल तर आधी त्यांना शिकवा.

गोविंदनगर
भावाच्या जुन्या बुलेटवर मी शिकले आणि स्वतःसाठी मात्र नवी, ३४९ सीसीच्या जे-सिरीज इंजिनाची घेतली. कारण एकच, ब्रेक. जुन्या गाडीचे ड्रम भिजले की थोडा वेळ पकडतच नाहीत, चालता चालता ब्रेक हलका दाबून सुकवावे लागतात. पहिनेच्या रस्त्यावर भर पावसात वळणानंतर अचानक गुरं समोर आली. मी दोन्ही ब्रेक करकचून दाबले, लिव्हर बोटांखाली थरथरली, एबीएसमुळे चाक लॉक झालं नाही आणि गाडी सरळ रेषेत थांबली. ज्या रस्त्यांची नावं तुम्ही घेतलीत, तिथे पावसात जाणार असाल तर माझं मत नव्या गाडीलाच. शिवाय मुंबईपर्यंत जाऊनही हाताला मुंग्या येत नाहीत.

भद्रकाली
मी मिस्त्री आहे, माझं पोट जुन्या गाड्यांवर चालतं. तरी सांगतो, गाडी नंतर बघा, आधी मिस्त्री बघा. पॉइंटचा गॅप (ठिणगीची वेळ ठरवणारी फट) आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) कानाने ओळखणारे हात आता थोडे उरलेत. तुमच्या घराजवळ तसा कुणी असेल तरच पुढे जा.

काकांकडे गाडी बघायला जाल तेव्हा त्यांना सांगून ठेवा, आधी चालू करू नका. थंड इंजिन आपल्यासमोर उठलं पाहिजे. निळा धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय, म्हणजे बोअर-पिस्टन किंवा व्हॉल्व्ह गाइडचं काम आलं. टाकीत बॅटरी मारून गंज बघा. हे आता जास्त महत्त्वाचं, कारण पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकी आतून गंजते, जुने रबरी पाइप आणि वॉशर फुगतात. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो.

पंचवटी
कागदांचं लिहितो. पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणी करून घ्यावी लागते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण, शिवाय ग्रीन टॅक्स (जुन्या गाड्यांवरचा पर्यावरण कर). चेसिसवर ठोकलेला नंबर (पंच) आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. गंजाने तो पुसट झाला असेल तर पेठ रोडच्या आरटीओत जाण्याआधीच त्याचं काय करायचं ते विचारून घ्या. विंटेज नोंदणीचा सल्ला कुणी देईल, पण २०२१ च्या नियमांनुसार ती ५० वर्षांहून जुन्या गाडीला मिळते आणि तशी गाडी रोज वापरता येत नाही. १९८६ च्या गाडीला तो रस्ताच नाही.

गंगापूर रोड
यामाहा आरएक्स १०० विकली. अजून रुखरुख आहे.

नाशिकरोड
माझ्याकडे दोन्ही आहेत. जुनी येझदी म्हैसूरच्या कारखान्यातली, तो कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. किकचाच दांडा दुमडून गिअर टाकायचा, तो थंडगार लोखंडी दांडा बुटाखाली आला की मन तरुण होतं. पण टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. वणीचा गड उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गिअरवर गाडी रोखली तर पिस्टन कोरडा पडतो, म्हणून मी मधूनमधून थोडी रेस देत उतरतो. अशा सवयी लागायला वेळ आणि सवड लागते. कामावर मी नवीच नेतो, कारण पहिल्या पाळीला सातपूरच्या गेटवर उशीर चालत नाही.

तुमच्याकडे गाडी एकच राहणार, म्हणून रोजची नवी घ्या. काकांना मात्र स्पष्ट विचारा, बुलेट निफाडलाच शेडमध्ये राहू द्याल का? हो म्हणाले तर इंजिनाचं काम बोनसच्या पैशातून हळूहळू काढा. आधी हेड (इंजिनाचा वरचा भाग), मग वायरिंग, रंग सगळ्यात शेवटी.