एस्तेर १:६ मधला ‘कर्पस’ म्हणजे आपला कापूसच का?

चाटीगल्ली
नमस्कार मंडळी. रविवारच्या अभ्यासवर्गात बायबलमधल्या एस्तेर या पुस्तकाचा पहिला अध्याय घ्यायचा आहे. सहाव्या वचनात शूशन या इराणी राजधानीतल्या राजवाड्याचे पडदे येतात. १६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरात ते ‘पांढरे, हिरवे आणि निळे’ आहेत. नव्या भाषांतरांत हिरवा गायब आणि त्या जागी ‘सुती’. मूळ हिब्रू शब्द ‘कर्पस’. एकाच शब्दाचे हिरवा आणि कापूस असे दोन अर्थ कसे? वर्ग सोलापुरात आहे, निम्मे लोक मागाच्या धंद्यातले. ‘हा आपला कापूसच’ असं सांगितलं तर चालेल का? नुसत्या उच्चाराच्या साम्यावर बोलायचं नाही.

अक्षरओळख
चालेल, आणि ठामपणे सांगा. हा शब्द अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये एवढ्या एकाच ठिकाणी येतो, म्हणून दुसऱ्या वचनाशी ताडून पाहता येत नाही. मग आधी शेजारचे शब्द बघायचे. पुढेच ‘बूत्स’च्या, म्हणजे तलम लिननच्या दोऱ्या आहेत आणि चांदीच्या कड्या. ओळ कापडाची आहे. नंतर जुनं ग्रीक भाषांतर: तिथे याच जागी ‘कार्पासिनोस’ हे विशेषण आहे. ग्रीक कार्पासोस, लॅटिन कार्बासुस आणि हिब्रू कर्पस हे सगळे संस्कृत ‘कार्पास’कडे जातात. हिब्रूत तो फारसीच्या वाटेने आला असं मानतात.

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते ‘र’चं. कार्पासचं प्राकृतात कप्पास झालं, मराठीत कापूस. आपल्याकडे गळालेला र हिब्रूत शाबूत आहे. फळ्यावर क-र-प-स ही चार व्यंजनं लिहून दाखवा, वेगळं पटवावं लागणार नाही. तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्यांना मात्र साम्य कानाला जाणवणार नाही. कन्नडमधला ‘हत्ती’ हा कापसाचा शब्द वेगळ्या कुळातला आहे.

हिरव्याचं कारण बहुधा असं: वल्हांडण या ज्यू सणाच्या जेवणात मिठाच्या पाण्यात बुडवून खातात त्या पालेभाजीलाही ‘कर्पस’च म्हणतात, स्पेलिंगही तेच. पण तो शब्द वेगळा, फारसी-अरबी ‘करफ्स’ म्हणजे सेलरीच्या घराण्यातला. भाजीचा हिरवेपणा पडद्याला चिकटला. वचनात आधी पांढरा आणि नंतर निळा असल्याने मधला शब्दही रंगच असणार, असं वाटणं सोपं होतं.

स्ट्राँगच्या कोशात, म्हणजे बायबलमधल्या मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या कोशात, क्रमांक ३७६८ बघणाऱ्यांनी जपावं. नोंदीच्या शेवटी ‘हिरवा’ दिसतो. तो शब्दाचा अर्थ नाही, किंग जेम्समध्ये तो शब्द कसा उतरवला आहे एवढंच ते सांगतं. बहुतेक घोटाळे इथेच होतात.

ताणाबाणा
कापडाच्या अंगानेही हे बसतं. एस्तेरच्या गोष्टीतला राजा अहश्वेरोश म्हणजे बहुधा इराणचा सम्राट खशायर्शा पहिला, ग्रीकांचा झर्क्सीस (इ.स.पू. ४८६–४६५). त्याच्याच सैन्यातल्या भारतीय तुकडीचे कपडे ‘झाडाच्या लोकरीचे’ होते, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात लिहितो. त्याआधी, इ.स.पू. सातव्या शतकाच्या सुरुवातीला, अश्शूरचा राजा सन्हेरीब आपल्या बागेतल्या ‘लोकर येणाऱ्या झाडां’बद्दल लेखात सांगतो. म्हणजे तिकडे कापूस माहीत होता, पण राजाच्या अंगणात टांगण्याइतका अपूर्वाईचा. मात्र शूशनचे पडदे भारतात विणले होते असं वचन कुठेही म्हणत नाही, तेवढं वर्गात जोडू नका. शब्दाचा प्रवास सिद्ध होतो, गाठोड्याचा नाही.

चाटीगल्ली
फार उपयोगी. मग मराठीत ‘पांढरे, सुती व निळे पडदे’ लिहू की ‘पांढऱ्या सुताचे व निळे’?

अक्षरओळख
दोन्ही वाचनं शक्य आहेत. हिब्रूत ‘हूर कर्पस उ-तखेलेत’ असं आहे: हूर म्हणजे पांढरं, उ म्हणजे आणि, तखेलेत म्हणजे निळं. ‘आणि’ फक्त तखेलेतच्या आधी. म्हणून ‘हूर कर्पस’ एकत्र धरून ‘पांढरं सूत’ म्हणता येतं. पण पारंपरिक छापील संहितेत हूरनंतर उभी रेघ आहे, म्हणजे वाचणारा तिथे किंचित थांबतो. त्या परंपरेने तीन वेगळ्या गोष्टी होतात. मी तीनच ठेवीन आणि तळटीप देईन.

ताणाबाणा
नुसतं ‘निळे’ लिहिलं तर तखेलेत अर्धवट राहतो. तो म्युरेक्स जातीच्या समुद्री गोगलगायीपासून काढलेला निळा-जांभळा रंग, आणि एरवी बायबलमध्ये तो बहुतेक रंगवलेल्या लोकरीबद्दल येतो. आपली झाडाची नीळ नव्हे: तल्मूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात ‘कला इलान’ नावाची वनस्पतीची नीळ तखेलेत म्हणून खपवणाऱ्यांना सक्त ताकीद आहे. म्हणून ‘पांढरे, सुती व निळ्या-जांभळ्या लोकरीचे पडदे’ असं लिहा.

चाटीगल्ली
तसंच करतो. त्याच वचनातल्या फरशीची नावं, बहत, दार आणि सोहेरेत, हीसुद्धा एकेकदाच येणारी दिसतात. त्यांच्यासाठी वेगळा धागा काढतो.