शब्दचर्चा: स्टोइक, एपिक्युरियन, सिनिक, स्केप्टिक यांना मराठीत काय म्हणावे?

शिरीषफूल
अलेक्झांडरच्या मृत्यूनंतरच्या (इ.स.पू. ३२३) ग्रीक तत्त्वज्ञानावर एक लेखमाला लिहायला घेतली आहे आणि पहिल्याच पानावर अडले आहे. सुचलेले प्रतिशब्द असे: स्टोइक = विरक्त, एपिक्युरियन = भोगवादी, सिनिक = तुसडा, स्केप्टिक = संशयवादी. चारही कुठेतरी टोचतात. शिवाय 'हेलेनिस्टिक' या कालखंडालाच काय म्हणायचे? जाणकारांनी मदत करावी.

तर्ककर्कश
'भोगवादी' आधी खोडा. बाकीचे नंतर बघू.

घाटावरचा
गोंधळाचे मूळ लिपीत आहे. इंग्रजीत मोठ्या अक्षराने लिहिले की तो पंथ, लहान अक्षराने लिहिले की स्वभावाचे विशेषण. देवनागरीत ती सोय नाही. त्यामुळे रुग्णालयात न कण्हणारा माणूसही 'स्टोइक' आणि पंथाचा संस्थापक झेनो याचा शिष्यही 'स्टोइक'. मी साधा नियम पाळतो. पंथाचे नाव विशेषनाम, ते जसेच्या तसे ठेवायचे. स्वभावासाठी मराठी शब्द वापरायचा: सोशिक, निर्विकार, जो प्रसंगाला शोभेल तो. (स्टोइक आणि सोशिक कानाला इतके जवळचे वाटतात की काही जण ते एकच समजतात. सोशिक माणूस दुःख गिळतो. स्टोइकाचे म्हणणे असे की नीट विचार केलात तर गिळण्याजोगे काही उरतच नाही.)

नावांचे अर्थ करायचेच म्हटले तर गंमत होईल. सायप्रसमधल्या किटिऑनचा झेनो अथेन्सच्या बाजारचौकात 'स्टोआ पोइकिले' नावाच्या जागी शिकवायचा. स्टोआ म्हणजे खांबांच्या रांगेवर छप्पर टाकलेली लांब पडवी. आपल्या देवळांच्या तटाला लागून असतात त्या ओवऱ्या आठवा. पोइकिले म्हणजे चितारलेली, कारण भिंतीवर मॅरेथॉनच्या लढाईसारखी चित्रे होती. म्हणजे हे सगळे ओवरीकर! सुरुवातीला त्यांना झेनोचे म्हणून 'झेनोनी' म्हणत, पुढे जागेचे नाव चिकटले. तेव्हा स्टोइक या शब्दात विरक्तीही नाही आणि सोसणेही नाही, फक्त पत्ता आहे.

आजोळ
ओवरीकर आवडले. पण मग 'विरक्त' नको तर 'स्थितप्रज्ञ' का नाही? दुःखात उद्विग्न नाही, सुखाची हाव नाही. वर्णन तंतोतंत जुळते.

घाटावरचा
वर्णन जुळते, पण त्यामागची कारणे जुळत नाहीत. स्थितप्रज्ञ म्हटले की आत्मा, कर्मफलत्याग, ब्राह्मी स्थिती असे सगळे गाठोडे सोबत येते. स्टोइकांच्या मते देव आणि जीव दोन्ही शरीररूप. विश्व 'लोगोस'ने, म्हणजे सगळीकडे भरलेल्या विवेकाने, चालते आणि माणसाची बुद्धी हा त्याच लोगोसचा अंश. साम्य दाखवायला 'स्थितप्रज्ञासारखा' म्हणा, पण पंथाच्या नावाला नको.

'विरक्त'ही नकोच. स्टोइक लग्न करतो, सार्वजनिक कामात पडतो. आरोग्य, पैसा, नावलौकिक यांना तो 'चांगले' म्हणत नाही, पण 'घेण्याजोगे' मानतो. चांगला फक्त सद्गुण. संसार सोडा असे ते कुठेही सांगत नाहीत.

खरी कसोटी त्यांच्या पारिभाषिक शब्दांशी आहे. 'अपाथेइया'चे भाषांतर 'भावनाशून्यता' असे सर्रास दिसते. इंग्रजीतल्या 'अ‍ॅपथी'चा तो परिणाम. झेनोच्या परंपरेत 'पाथोस' म्हणजे कुठलीही भावना नव्हे, चुकीच्या निवाड्यातून उठलेला क्षोभ: लालसा, भय, हर्षोन्माद, शोक. शहाण्या माणसाला आनंद होतो, सावधपणा वाटतो, विवेकी इच्छाही असते. या तिघांना त्यांनी वेगळे नाव दिले आहे, 'एउपाथेइयाइ'. मराठीत यासाठी 'विकार' हा शब्द तयार आहे. मन बिघडवतो तो विकार. म्हणून अपाथेइया = विकारमुक्ती. निर्विकार चेहरा नव्हे, निर्विकार निवाडा.

शिरीषफूल
विकारमुक्ती घेतला! आता एपिक्युरसचे सांगा. तर्ककर्कश, खोडा म्हणून गेलात, कारण नाही दिलेत.

तर्ककर्कश
देतो. एपिक्युरस (इ.स.पू. ३४१ ते २७०) सामोसचा. अथेन्सला येऊन त्याने एक बाग घेतली आणि शाळा तिच्याच नावाने ओळखली गेली. तिथे बायका आणि गुलामही शिष्य होते. त्या काळात एवढ्यावरून अफवा उठायला वेळ लागत नसे. आता हा 'भोगवादी' रोज खायचा काय? भाकरी आणि पाणी. एका मित्राला लिहितो, थोडे चीज पाठव, मनात आले तर मेजवानी करता येईल. आणि इंग्रजीत त्याच्या नावाचा अर्थ झाला खवय्या. जुन्या ज्यू ग्रंथांत तर 'आपिकोरोस' म्हणजे पाखंडीच.

सुख हेच साध्य, असे तो म्हणतो हे खरे, म्हणून 'सुखवादी' चालेल. पण त्याचे सुख बेरजेचे नाही. शरीराला पीडा नाही आणि मनाला खळबळ नाही, की सुखाची कमाल झाली. पुढे फक्त प्रकार बदलतात, सुख वाढत नाही. इच्छांचे तो तीन भाग करतो: नैसर्गिक आणि गरजेच्या, नैसर्गिक पण गरज नसलेल्या, आणि दोन्ही नसलेल्या पोकळ. सत्ता, कीर्ती तिसऱ्यात. शेवटचा सल्ला: 'लपून जगा'. भोगवाद्याला हे परवडेल का?

आजोळ
मग आपला चार्वाकच की! परलोक नाही, आत्मा मेल्यावर विखुरतो.

तर्ककर्कश
तेवढ्यापुरता शेजारी, एक नव्हे. एपिक्युरस देव नाकारत नाही, ते आपल्या भानगडीत पडत नाहीत इतकेच म्हणतो. अणूंचा सिद्धांत त्याच्या शिकवणीचा कणा आहे, चार्वाकांकडे भूतचैतन्य (महाभूतांच्या मेळातूनच चैतन्य येते हे मत) आहे, अणुवाद नाही. आणि 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्'? कर्जाची काळजी म्हणजे खळबळ. तूप राहू दे, म्हणेल तो. दोघांची बदनामी मात्र सारखी झाली. फरक इतका की एपिक्युरसची तीन पत्रे तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणाऱ्या डायोजिनीस लाएर्टियसच्या ग्रंथाच्या दहाव्या खंडात अख्खी शिल्लक आहेत. चार्वाकाला ऐकायचे तर बहुतेक वेळा त्याच्या विरोधकांच्या तोंडून.

मनाला खळबळ नसण्याच्या त्या अवस्थेला, 'अताराक्सिया'ला, मी 'निश्चिंती' म्हणतो.

शिरीषफूल
पण अताराक्सिया स्केप्टिकांकडेही आहे ना? तिथे निश्चिंती जमेल?

तर्ककर्कश
तिथे 'अक्षोभ' जास्त बरा. मूळ धातू गढूळ करणे, ढवळणे असा आहे. दोन्हीकडे एकच शब्द हवा असेल तर अक्षोभच ठेवा, हरकत नाही.

न्यायघर
स्केप्टिकांवर थोडे लांबण लावतो, कारण 'संशयवाद' या शब्दावर मराठीत अन्याय होतो. 'संशयात्मा विनश्यति' कानात बसलेले असते आणि बोलण्यात संशयी म्हणजे बायकोवर नजर ठेवणारा. पण न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, जे सोळा पदार्थ (म्हणजे विचाराचे विषय) आहेत त्यांत संशय तिसरा आहे, प्रमाण आणि प्रमेयाच्या लगेच मागे. संशय नसेल तर विचार सुरूच होत नाही. त्या अर्थाने शब्द उत्तम. ग्रीक 'स्केप्सिस' म्हणजेही निरखणे, तपासणे.

गाडी पुढे वेगळ्या रुळावर जाते. नैयायिक संशयाकडून निर्णयाकडे जातो. पिऱ्होच्या परंपरेत दोन्ही बाजू समतोल दिसल्या की माणूस निर्णय थांबवतो, आणि त्या थांबण्यातून शांतता येते. हा पिऱ्हो एलिसचा, अलेक्झांडरच्या मोहिमेबरोबर भारतापर्यंत आला होता. इथल्या नग्न तपस्व्यांना भेटल्याचे जुने लेखक सांगतात. त्यावरून लगेच 'सगळे आपणच शिकवले' असे लिहू नका. किती उचलले हे ठरवण्याइतका पुरावा नाही.

'अज्ञेयवाद' चुकूनही नको. पुढच्या काळातला स्केप्टिक लेखक सेक्स्टस एम्पिरिकस याने तीन गट केलेत: सत्य सापडले म्हणणारे, ते सापडूच शकत नाही म्हणणारे, आणि अजून शोधणारे. स्केप्टिक तिसरा. अज्ञेयवादी दुसऱ्यात जाऊन बसतो.

प्लेटोच्या अकादमीतही हे वारे शिरले. इ.स.पू. १५५ मध्ये अथेन्सने दंड माफ करून घ्यायला रोमला तीन तत्त्वज्ञ वकील म्हणून पाठवले: अकादमीचा कार्निआडीस, स्टोइक डायोजिनीस (हा बॅबिलोनियाचा, रांजणात राहणारा सिनिक डायोजिनीस नव्हे) आणि अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेतला क्रिटोलाउस. कार्निआडीसने एक दिवस न्यायाच्या बाजूने व्याख्यान दिले आणि दुसऱ्या दिवशी विरुद्ध. रोमन तरुण खूश. म्हातारा रोमन मुत्सद्दी केटो मात्र, यांचे काम उरकून यांना लवकर घरी पाठवा, म्हणून मागे लागला.

घाटावरचा
निर्णय थांबवण्याचा ग्रीक शब्द 'एपोखे', त्याला काय म्हणता? मी 'तहकुबी' सुचवतो. निर्णय तहकूब.

न्यायघर
तहकुबीला पुढची तारीख असते हो. इथे तारीखच नाही. 'निर्णयविराम' कसा वाटतो?

शिरीषफूल
निर्णयविराम छान. सिनिक राहिले.

आजोळ
ग्रीक 'क्युऑन' म्हणजे कुत्रा. मग 'श्वानव्रती' का नको? मज्झिमनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात कुक्कुरव्रत (कुत्र्यासारखे वागण्याचे व्रत) घेतलेला सेनिय भेटतो, म्हणजे शब्दाला आपल्याकडे आधारही आहे.

न्यायघर
आधार आहे म्हणूनच नको. सेनिय कुत्र्यासारखा वागत होता ते व्रताचे फळ मिळावे म्हणून. सिनोपच्या डायोजिनीसला लोक कुत्रा म्हणत होते आणि त्याने ती शिवी पदवीसारखी मिरवली. देणाऱ्यापुढे शेपूट हलवतो, न देणाऱ्यावर भुंकतो, लबाडाला चावतो, असे त्याचे स्पष्टीकरण. 'तुसडा'ही बसत नाही. आजचा सिनिकल माणूस सद्गुणावर विश्वास ठेवत नाही. डायोजिनीसचा सद्गुणावर इतका विश्वास की त्यापुढे घर, पैसा, मानमरातब सगळे फालतू. त्याच्या परंपरेतल्या क्रेटीसशी लग्न करून हिपार्किया तशीच रस्त्यावर राहिली, आणि पुरुषांच्या बैठकीत वाद घालू लागली. 'सिनिक' ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात खुलासा करा.

घाटावरचा
'हेलेनिस्टिक'ही तसाच ठेवा. 'यवनकाल' म्हणायचा मोह होतो, कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर धेनुकाकट या ठिकाणच्या यवनांची दाने कोरलेली आहेतच. पण बखरींनंतर मराठी वाचकाला यवन म्हटल्यावर मुसलमान दिसतो, ग्रीक दिसत नाही.

शिरीषफूल
ठरले. एकच राहिले. डायोजिनीस पिंपात राहायचा असे मी लिहिले आहे. ते ठीक?

तर्ककर्कश
पिंप लाकडाचे किंवा पत्र्याचे. त्याचा 'पिथोस' भाजक्या मातीचा, धान्य-तेल साठवायचा, माणूस मावेल एवढा. न्यायघर यांनी वर शब्द दिलाच आहे: रांजण.