‘अक्वा दि जिओ’ घ्यावं की मोहम्मद अली रोडवरचं त्याचं भावंड?

गिरगावकर:
इटालियन ब्रँड अरमानीच्या ‘अक्वा दि जिओ’ परफ्यूमची बाटली संपत आली. नवीची किंमत बघितली नि गप्प बसलो. मोहम्मद अली रोडवर एका अत्तरवाल्याकडे त्याच वासाचं तेल १२ मिली साडेतीनशेला मिळालं. डाव्या मनगटावर तेल, उजव्यावर जुन्या बाटलीतले शेवटचे दोन फवारे. चर्नी रोड ते अंधेरी मनगटं हुंगत गेलो, समोरच्या काकांनी जागाच बदलली. फरक शून्य. आपण पैसे वासाचे देत नाही, बाटलीचे देतो.

सुगंधी सुपारी:
अंधेरीपर्यंतच ना? विरारला जायचं होतंत! सुरुवातीचा लिंबू-बर्गमॉटचा (तेही लिंबाच्या जातीचंच फळ) वास काय, कुठल्याही परफ्यूमचा पाव-अर्ध्या तासात उडतो. खरी परीक्षा नंतरची. त्या ‘समुद्री’ वासामागे कॅलोन नावाचं रसायन असतं, स्वस्त नकलांत ते सढळ हातानं ओततात. माझ्याकडच्या नकलेला दुपारी तीनला फ्रिजबाहेर राहिलेल्या कलिंगडाचा वास येत होता. ऑफिसात कुणी बोललं नाही, पण खिडकी उघडली.

गिरगावकर:
कॅलोन फायझरच्या प्रयोगशाळेत सापडलं १९६६ला. त्याचं पेटंट कधीच संपलंय, आज कुणीही विकत घेतो. मग ब्रँडवाल्याचं कॅलोन सोवळ्यातलं का?

सुगंधी सुपारी:
मीठही सगळ्यांकडे तेच असतं हो. आमटी सगळ्यांची सारखी होते का?

नाशिककर निवांत:
वासाचं राहू द्या. १९९६ साली परफ्यूमकार आल्बेर्तो मोरियासनी तो वास बसवला, त्यामागे डोकं आणि मेहनत आहे. नकलवाला बाटली यंत्रात घालून घटक मोजून घेतो. ही उचलेगिरीच.

गिरगावकर:
कायद्याचंही त्यावर एकमत नव्हतं. जून २००६मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, परफ्यूमच्या वासाला कॉपीराइट नाही. त्याच आठवड्यात नेदरलँड्सच्या न्यायालयानं लँकोम कंपनीच्या ‘ट्रेझोर’ परफ्यूमच्या खटल्यात सांगितलं, आहे! अत्तरवाला निदान बाटलीवर खोटं लेबल तरी लावत नाही. हुबेहूब खोकं छापून विकतात ते चोर, तिथं मी तुमच्या बाजूनं.

वाळा:
दोघंही इटलीच्या समुद्रात डुंबताय. एप्रिलमध्ये कनौजचं खसचं अत्तर कानामागे लावून बघा. पहिल्या पावसाआधीच मातीचा गारवा.

सुगंधी सुपारी:
वाळा, मीटिंगला माठ होऊन जायचं नाहीये मला. :)
गिरगावकर, एक राहिलं. अल्कोहोलचा फवारा उडून जातो, तेल कपड्यावर बसतं. माझ्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर पिवळा डाग आहे, तीन धुण्यांत गेला नाही. शर्ट दीड हजाराचा. आता सांगा साडेतीनशेचा हिशेब.

गिरगावकर:
डागाचं मान्य, माझाही एक शर्ट गेलाय. आता छातीला लावतो आणि वर बनियन घालतो. वाचलेल्या पैशांत डझनभर बनियन येतात.