जुन्या बिल्डिंगची ही कुठली स्टाईल?

गोदाकाठी: काल एमजी रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलो म्हणून वर बघितलं तर एका बिल्डिंगला गोल बाल्कनी आणि कोपऱ्यावरून वळत गेलेला सलग छज्जा, काय म्हणतात याला?

चहाबाज: आर्ट डेको वाटतंय भाऊ. १९३० च्या दशकात मुंबईत मरीन ड्राइव्हला हेच चाललेलं, बोटीसारखे गोल कोपरे. आरसीसीमुळे (लोखंडी सळ्या घातलेलं काँक्रीट) छज्जे, बाल्कन्या खांबाशिवाय बाहेर काढणं सोपं झालं.

पंचवटीकर: डेको सोडा, वाडे बघा. लाकडी खांब-तुळया वजन घेतात, मधल्या चौकातून वारा खेळतो, आजीकडे मे महिन्यातही पंखा लागायचा नाही. आता तिथे काचेची बिल्डिंग आहे, एसी बंद पडला की सगळे खाली टपरीवर 😀

गोदाकाठी: आमच्या जिन्यात सिमेंटची जाळी आहे, ती पण हवेसाठीच का?

चहाबाज: हो, उजेड-वारा आत, पाऊस बराचसा बाहेर. कबुतरं मात्र येतात.